यादीतून गळालेल्या कंपन्या

फायनान्समध्ये पीएचडी करायची तर आधी काय शिकावं, हा वाद प्रवेशाचा हंगाम आला की हमखास उकरला जातो, आणि दर वेळी तितक्याच वाईट पद्धतीने घातला जातो. एका बाजूचे म्हणतात, एमएस्सी फायनान्स काय किंवा एमबीए काय, हे नोकरीचे अभ्यासक्रम. संशोधन करायचं असेल तर गणितात किंवा अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्या, फायनान्स पुढे पुस्तकं वाचूनही येतं. दुसऱ्या बाजूला यात वाद घालण्यासारखं काही आहे हेच पटत नाही: फायनान्सच्या पीएचडीला फायनान्सचीच मास्टर्स, पहिलीनंतर दुसरी. दोन्ही पक्ष भांडतात ते पदवीच्या नावावरून. त्या दोन वर्षांत विद्यार्थ्याच्या हातून नेमकं काय घडायला हवं, हे कुणी विचारत नाही. माझं मत आधीच सांगतो. फायनान्समधलं पदव्युत्तर शिक्षण ही संशोधनाची चांगली तयारी आहे, काही बाबतींत गणिताच्या पदवीपेक्षाही चांगली. पण 'पुढची इयत्ता' म्हणून नव्हे. समोर आलेला आकडा कुठून आला, कुणी नोंदवला, कशासाठी नोंदवला आणि कोणता नोंदवायचा राहून गेला, हे बघायची सवय तिथे लागू शकते म्हणून. ही सवय व्याख्यानांतून लागत नाही, लघुप्रबंधातून लागते. ज्या अभ्यासक्रमाने लघुप्रबंध ऐच्छिक करून टाकला, तो नोकरीसाठी उत्तम असेल. पीएचडीची तयारी म्हणून त्याची जाहिरात करू नये.

आता गणितवाल्यांचं जे खरं आहे ते मोकळेपणाने मान्य करू. पीएचडीच्या पहिल्या वर्षी सूक्ष्म अर्थशास्त्र, संभाव्यता, इकॉनोमेट्रिक्स (म्हणजे अर्थशास्त्रातलं संख्याशास्त्र) आणि असेट प्रायसिंग (शेअर-रोख्यांच्या किमती कशा ठरतात याचं शास्त्र) एकदमच अंगावर येतात. तिथे 'सूत्र वापरता येतं' याला काडीची किंमत नसते. सूत्र सिद्ध करावं लागतं. मास्टर्सच्या कितीतरी वर्गांत ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायच्या किंवा विकायच्या हक्काची, किंमत काढायला शिकवतात ती एक्सेलमध्ये पाच आकडे भरून. त्या सूत्रात शेअरच्या किमतीची चाल कशी गृहीत धरली आहे आणि ते गृहीतक मोडलं तर काय होईल, असं विचारलं की वर्गात शांतता. एवढ्या शिदोरीवर पहिल्या वर्षाला गटांगळ्या खाणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांतले काही अतिशय हुशार होते. बरं, ही उणीव फक्त विद्यार्थ्यांची नाही. मिचेल पीटरसन यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की त्याच त्याच कंपन्यांचे अनेक वर्षांचे आकडे वापरणाऱ्या फायनान्सच्या छापून आलेल्या लेखांपैकी ४२ टक्के लेखांनी प्रमाणत्रुटी, म्हणजे निष्कर्ष किती डळमळीत आहे याचं माप, काढताना नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असू शकतात, ही गोष्ट हिशेबातच धरली नव्हती. एकाच कंपनीच्या दहा वर्षांच्या दहा नोंदी म्हणजे दहा स्वतंत्र साक्षीदार नव्हेत, इतकी साधी गोष्ट. छापलेल्यांची ही गत असताना दोन सेमिस्टरच्या संख्याशास्त्रावर निभावेल असं विद्यार्थ्यांना सांगणं ही फसवणूक आहे. रेषीय बीजगणित, संभाव्यता, रिअल अ‍ॅनालिसिस यांना पर्याय नाही.

यानंतर फिशर ब्लॅक यांचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. ऑप्शनच्या किमतीचं सूत्र ज्यांच्या नावाने जगभर ओळखलं जातं, त्यांची पीएचडी हार्वर्डची, १९६४ ची, उपयोजित गणितातली. फायनान्सचा वर्ग त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी केलाच नव्हता. याहून मोठा पुरावा कोणता हवा, असं गणितवाले विचारतात. पण मग ब्लॅक फायनान्स शिकले कुठे, इथपर्यंत सहसा कुणी जात नाही. ते आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीत नोकरीला लागले आणि तिथे त्यांना जॅक ट्रेनर भेटले: हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकलेला आणि जोखमीचं मोल कसं ठरवायचं या एकाच प्रश्नाने पछाडलेला माणूस. ब्लॅक यांची शिकवणी तिथे झाली. शिवाय १९७३ च्या त्या लेखावरचं दुसरं नाव मायरन शोल्स यांचं, आणि ते शिकागो विद्यापीठाचे एमबीए, मग तिथलेच पीएचडी. म्हणजे गणितवाल्यालाही फायनान्स शिकावं लागलंच. वर्गात फी भरून शिकण्याऐवजी नोकरीत पगार घेऊन शिकता आलं, एवढाच फरक. प्रत्येकाच्या नशिबात ट्रेनर नसतो.

हॅरी मार्कोविट्झ यांची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. शिकागोत अर्थशास्त्रात प्रबंधाचा विषय शोधत असताना गप्पांच्या ओघात निघालं की शेअरबाजाराला गणित लावून बघता येईल. प्राध्यापक जेकब मार्शाक यांना कल्पना पटली. मग त्यांनी काय केलं? आणखी गणित वाचायला सांगितलं नाही. फायनान्स शिकवणाऱ्या मार्शल केचम यांच्याकडे पाठवलं, आणि केचम यांनी वाचनाची यादी दिली. एका दुपारी ग्रंथालयात जॉन बर विल्यम्स यांचं १९३८ चं पुस्तक वाचताना मार्कोविट्झ अडखळले. शेअरचं मोल म्हणजे पुढे मिळणाऱ्या अपेक्षित लाभांशांचं आजचं मोल, एवढंच जर खरं असेल, तर शहाण्या माणसाने सगळा पैसा सर्वांत जास्त परताव्याच्या एकाच शेअरमध्ये ओतायला हवा. तसं तर कुणीच करत नाही. का करत नाही? जोखीम वाटून गुंतवणूक कशी करावी यावरचा त्यांचा १९५२ चा गाजलेला लेख या 'का'मधून निघाला. गणित त्यांच्या गाठीशी आधीपासून होतं. अडखळायला ते पुस्तक लागलं. आणि पुस्तकाचे लेखक विल्यम्स हे बिझनेस स्कूल करून, रोखे-विश्लेषक म्हणून नोकरी करून मग डॉक्टरेटकडे वळलेले गृहस्थ. (मार्कोविट्झ यांच्या प्रबंधाच्या परीक्षेत मिल्टन फ्रीडमन यांनी, हे अर्थशास्त्रच नाही तर अर्थशास्त्राची पदवी कशी द्यायची, असा मुद्दा काढला होता. पदवी अर्थात मिळाली. कुंपणावरून भांडायची हौस जुनीच.)

युजीन फामा तर पदवीला फ्रेंच शिकत होते. त्याच काळात ते एका प्राध्यापकांच्या शेअरबाजाराच्या अंदाज-सेवेत मदतनीस होते. जुन्या भावांवर बसणारे खरेदी-विक्रीचे नियम शोधायचे, हे काम. प्राध्यापकांची अट एकच, काही आकडे बाजूला काढून ठेवायचे आणि सापडलेला नियम त्यांच्यावर तपासायचा. जुन्या आकड्यांवर झकास चालणारे नियम बाजूला ठेवलेल्या आकड्यांवर आपटायचे. तिथून शिकागोचं एमबीए, १९६४ मध्ये पीएचडी, २०१३ मध्ये नोबेल.

इथे चाणाक्ष वाचक मला थांबवेल. तुम्ही नुसती जिंकलेल्यांचीच यादी देताय. एमबीए करून पीएचडीला गेले आणि दुसऱ्या वर्षी घरी परतले, त्यांची नावं कुठे आहेत? आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. तीन नोबेलांच्या गोष्टींनी काहीही सिद्ध होत नाही, ना माझ्या बाजूने ना ब्लॅक यांचं नाव घेणाऱ्यांच्या. पण हा आक्षेप सुचायला काय लागतं, ते बघण्यासारखं आहे. मला तो कसा सुचायला लागला ते सांगतो.

माझ्या लघुप्रबंधाचा विषय शेअरबाजाराच्या निर्देशांकातल्या कंपन्यांचा परतावा. निर्देशांकातल्या ज्या कंपन्यांचे दहा वर्षांचे मासिक भाव मिळाले त्या सगळ्या घेतल्या, प्रत्येकीत सारखे पैसे गुंतवले असं मानलं, आणि निघालं असं की या साध्यासुध्या पद्धतीने निर्देशांकालाच दणकून हरवलं असतं. रिग्रेशन केलं, आलेख काढले, जाड बांधणीवर सोनेरी अक्षरं उमटवली. मार्गदर्शकांनी सही केली, त्यांच्याकडे त्या वर्षी असे आणखी डझनभर लघुप्रबंध होते. तोंडी परीक्षेला आलेल्या बहिःस्थ परीक्षकांनी रिग्रेशनबद्दल चकार शब्द काढला नाही. परिशिष्टातल्या कंपन्यांच्या यादीवर बोट ठेवून म्हणाले, "ही यादी कुठल्या तारखेची?" मी म्हटलं, "या वर्षीची, सर." "बरं. मग दहा वर्षांपूर्वी यादीत होत्या आणि आज नाहीत, त्या कुठे गेल्या?" मी गप्प. दहा वर्षांनंतर कोण टिकणार हे आधीच ठाऊक असल्यासारखी मी खरेदी केली होती. हरवणार नाही तर काय? पूर्ण लघुप्रबंधात गणिताची चूक एकही नव्हती. गणितात नापास झालो असतो तर परवडलं असतं.

ही चूक नवशिक्याचीच असते असं कुणाला वाटत असेल तर सीआरएसपीचा इतिहास बघावा. शिकागोत १९६० मध्ये सुरू झालेला हा डेटाबेस. न्यूयॉर्क शेअरबाजाराचे १९२६ पासूनचे मासिक भाव त्यात आहेत आणि शेअरबाजारावरचं बरंचसं संशोधन त्याच्यावर उभं आहे. टायलर शमवे यांनी १९९७ मध्ये त्यातलं एक भोक दाखवलं. कंपनी खराब कामगिरीमुळे बाजारातून काढली जायची तेव्हा गुंतवणूकदाराला बसलेला शेवटचा फटका अनेकदा नोंदलाच गेलेला नव्हता. हा फटका सरासरी उणे ३० टक्क्यांच्या आसपासचा. दोन वर्षांनी व्हिन्सेंट वॉर्थर यांच्यासोबत त्यांनी नॅसडॅक या अमेरिकेतल्या दुसऱ्या मोठ्या शेअरबाजाराचे आकडे तसेच दुरुस्त केले, आणि लहान कंपन्यांचा परतावा मोठ्यांपेक्षा जास्त असतो हा रॉल्फ बांझ यांच्या १९८१ च्या लेखापासून गाजलेला निष्कर्ष निदान नॅसडॅकवर उरलाच नाही. याच डेटाच्या जुन्या स्वरूपात दुसरी गंमत अशी की कधी शेअरचा भाव उणे दिसायचा. उणे साडेबारा डॉलर. भाव उणे कसा असेल? त्या दिवशी सौदाच झालेला नसायचा. म्हणून खरेदी आणि विक्रीच्या देकारांची सरासरी लिहीत आणि खूण म्हणून पुढे वजाचं चिन्ह. ज्याला हे माहीत नव्हतं तो अशा ओळी टायपिंगची चूक समजून उडवून द्यायचा. उडायचे नेमके ते शेअर, ज्यांची उलाढाल कमी. मग राहिलेल्या आकड्यांवर कितीही देखणं गणित करा.

गणितवाल्यांचा सगळ्यांत बळकट मुद्दा इथे येतो, आणि तो मी अजून मांडलेला नाही. ते म्हणतील, ही असली माहिती दोन महिन्यांत गोळा होते, गणित मात्र विशीत झालं नाही तर होत नाही. तेव्हा जे उशिरा जमत नाही ते आधी शिका. तर्क ठाशीव आहे. पण पीएचडीची रचना कशी असते ते त्यात विसरलं जातं. गणिताची उणीव पकडायला तिथे यंत्रणा आहे: पहिल्या वर्षाचे सक्तीचे विषय, आठवड्याला गृहपाठ, वर्षाअखेर पात्रता परीक्षा. तुम्हाला गणित येत नसेल तर सहा महिन्यांत कळतं, तुम्हालाही आणि विभागालाही. दुसरी उणीव पकडायला काहीच नाही. रोखा कसा विकला जातो, बँक बुडीत कर्ज केव्हा मान्य करते आणि केव्हा लपवते, लेखापरीक्षकाच्या सहीला काय अर्थ असतो, याची परीक्षा पीएचडीत कुणी घेत नाही. ही उणीव उघडी पडते चौथ्या वर्षी, विषय सुचत नाही म्हणून, किंवा विषय सुचतो, निष्कर्षही निघतो आणि तो आकडे नोंदवण्याच्या पद्धतीतून निघालेला असतो म्हणून. जी उणीव वेळेत पकडली जाणार नाही ती आधी भरून यावी, हा माझा हिशेब.

आणि प्रश्न सुचणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. विल्यम क्रिस्टी आणि पॉल शुल्ट्झ यांचा १९९४ चा लेख. तेव्हा अमेरिकेत शेअरचे भाव डॉलरच्या आठव्या हिश्श्यांत सांगत. या दोघांनी १९९१ मधले नॅसडॅकवरचे सर्वांत जास्त उलाढालीचे १०० शेअर घेतले आणि खरेदी-विक्रीचे भाव सांगणाऱ्या दलालांनी कोणते अपूर्णांक किती वेळा वापरले ते मोजलं. शंभरांपैकी ७० शेअरमध्ये विषम आठवे, म्हणजे एक अष्टमांश, तीन अष्टमांश वगैरे, जवळपास गायब. त्यामुळे खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर पाव डॉलरच्या खाली येतच नव्हतं. इतके सगळे दलाल एकाच वेळी विषम अपूर्णांक विसरले? मे महिन्यात बातमी वर्तमानपत्रांत आली आणि लगोलग मायक्रोसॉफ्ट, सिस्को यांसारख्या शेअरमध्ये विषम आठवे परत आले, अंतर जवळपास निम्म्यावर उतरलं. पुढे दलाल-कंपन्यांनी खटला मिटवायला शंभर कोटी डॉलरहून जास्त मोजले. या शोधाच्या गाभ्याशी गणित केवढं? मोजणी. शाळकरी मुलाला येईल एवढं. पण देकाराच्या पाटीवर काय लिहिलेलं असायला हवं होतं हे ज्याला ठाऊक, त्यालाच तिथे काय लिहिलेलं नाही ते दिसतं.

उलट बाजूला काय होतं तेही पाहा. केवेई हौ, चेन शुए आणि लू झांग यांनी २०२० मध्ये शेअरच्या परताव्याचा अंदाज देतात म्हणून छापून आलेल्या ४५२ खुणा पुन्हा तपासल्या. अगदी छोट्या कंपन्यांचं वजन आटोक्यात ठेवल्यावर त्यांतल्या ६५ टक्के खुणा नेहमीच्या संख्याशास्त्रीय कसोटीलाही उतरल्या नाहीत. या अतिछोट्या कंपन्या संख्येने बाजाराच्या ६० टक्के, बाजारमूल्याने जेमतेम ३ टक्के. थोडे शेअर घ्यायला गेलं की भाव चढतो, विकायला गेलं की पडतो. तिथला कागदी नफा खिशात पडत नाही, हे बाजारात एक महिना बसलेल्या कुणालाही सांगता येईल. ते लेख लिहिणाऱ्यांचं गणित कच्चं होतं असं कोण म्हणेल?

हा लंबक एकदा पूर्ण फिरून आलेला आहे. १९५० च्या दशकापर्यंत फायनान्स म्हणजे वर्णन होतं: रोख्यांचे प्रकार, विलीनीकरणाच्या पायऱ्या, कंपनी-कायद्याची कलमं. १९५९ मध्ये गॉर्डन आणि हॉवेल यांचा फोर्ड फाउंडेशनसाठीचा अहवाल आणि पीअरसन यांचा कार्नेगीसाठीचा अहवाल आला आणि बिझनेस स्कूलची खरडपट्टी निघाली: शिक्षण धंदेवाईक, संशोधन नावापुरतं. ती टीका न्याय्य होती. त्यानंतर अर्थशास्त्र आणि गणित आत आलं, आणि आलं हे बरंच झालं. फक्त जुनं वर्णन बाहेर टाकताना, संस्था चालतात कशा हे जवळून बघायची शिस्तही बऱ्याच ठिकाणी सोबत गेली.

पण फायनान्सची बाजू घेणाऱ्यांनी टाळ्या वाजवायची घाई करू नये. ज्या पदवीचं मी समर्थन करतोय ती आज बाजारात मिळणाऱ्या पदव्यांपैकी किती? लघुप्रबंधाच्या जागी इंटर्नशिपचा अहवाल चालतो. प्रोजेक्टसाठी डेटा मिळतो तो धुऊनपुसून, गाळलेल्या ओळी आधीच गाळून, म्हणजे शिकण्यासारखं जे होतं ते दुसऱ्या कुणीतरी शिकून झालेलं. केस स्टडीचं उत्तर शिक्षकाच्या पुस्तिकेत तयार. असल्या दोन वर्षांनंतर कुणी पीएचडीला आलं तर गणितवाले हसतात, आणि त्यांचं चुकत नाही. मला विचाराल तर मास्टर्समध्ये दोन गोष्टी सक्तीच्या हव्यात. एक, छापून आलेला एखादा लेख मूळ आकड्यांपासून पुन्हा करून बघायचा. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने इकॉनोमेट्रिक्सच्या वर्गातला असाच गृहपाठ करताना राइनहार्ट आणि रोगॉफ यांच्या सरकारी कर्जावरच्या गाजलेल्या लेखात एक्सेलची सरासरी पाच देश सोडून काढली गेल्याचं पकडलं, ते २०१३ साली जगभर गाजलं. निवड आणि भारांकनाच्या बाकीच्या दुरुस्त्या धरून मोठं कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्क्यावरून २.२ टक्क्यांवर गेली. दुसरी गोष्ट, लघुप्रबंधातले आकडे विद्यार्थ्याने स्वतः, कागदांवरून, जमेल तेवढे हाताने गोळा करायचे. शंभर कंपन्यांचे वार्षिक अहवाल उघडून एकच आकडा शोधायला लागलं की तिसाव्या अहवालाला कळतं, तो आकडा प्रत्येक जण वेगळ्या जागी, वेगळ्या अर्थाने लिहितो.

राहिला वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला जाता येतं, मग मध्ये दोन वर्षं कशाला घालवायची? ज्याला आपला प्रश्न आणि आपला स्वभाव दोन्ही पक्के ठाऊक आहेत त्याने खुशाल थेट जावं. असे थोडे असतात. एकाच प्रश्नासोबत महिनोन्‌महिने राहणं आपल्याला मानवतं का, हे मास्टर्सच्या लघुप्रबंधात कळतं, आणि मानवत नाही असं कळलं तर हातात निदान एक पदवी असते. तेच पीएचडीच्या चौथ्या वर्षी कळलं तर काही नसतं.

माझ्या त्या लघुप्रबंधाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पीएचडीला लागल्यावर पहिल्या सुट्टीत मी ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली काढून दहा वर्षांपूर्वीची यादी उतरवून घेतली. गळालेल्या कंपन्या एकेक करून शोधल्या. काहींचं विलीनीकरण झालेलं. तिथे कुठल्या शेअरच्या बदल्यात नव्या कंपनीचे किती मिळाले ते खोदून काढावं लागलं. दोघींचे व्यवहार स्थगित झाले होते आणि कागदोपत्री शेवटचा भाव तसाच गोठून राहिला होता, पण त्या भावाला घेणारं कुणी नव्हतं. एक तर अवसायनात निघालेली, भागधारकांना छदामही नाही. सगळ्या परत आत घेतल्या आणि बेरीज पुन्हा केली. निर्देशांकाला दणकून हरवणारा तो परतावा निर्देशांकाच्या किंचित खाली जाऊन बसला. बांधणी केलेली प्रत अजून त्या विभागाच्या कपाटात आहे, सोनेरी अक्षरांसकट, आणि प्रथम श्रेणीचा शेराही तसाच आहे.